चौथ्या फ्रेमनंतर

निळा सगळ्यात आधी जातो. पेटी कितीही घट्ट बंद करा, पंचवीस-तीस वर्षांत निळा उडतो, त्याच्या मागोमाग हिरवा, आणि स्लाइडमध्ये शेवटी सगळं लालसर उरतं: लालसर पाणी, लालसर बर्फ, लालसर आकाश.

तासभर गरम काही खाऊ नका. गाल चावला गेला तरी कळणार नाही तुम्हाला.

कॅलेंडरवाल्याचं म्हणणं एवढंच असे की माणूस नको, माणसाचा ठिपका हवा.

थंडीत फिल्म कडक होते. भरताना हातमोजे काढावे लागतात, आणि उघड्या बोटांना फिल्मची कड पात्यासारखी लागते.

दोन हजार सातशे निगेटिव्ह. एकात बदक आहे. एकात, फार लांब, कुणाचा तरी कुत्रा. माणूस एकातही नाही.

*

दाढ काढून झाल्यावर वीस मिनिटं बाहेर बसा, रक्त थांबलं की जा, असं दंतवैद्याने सांगितलं म्हणून ती कापसाचा बोळा दातांखाली धरून बाहेरच्या बाकावर बसली, आणि समोरच्या अख्ख्या भिंतीवर सरोवर होतं. आत जाताना तिची त्याच्याकडे पाठ होती. आता पाहिलं तेव्हा आधी फक्त एवढंच वाटलं की पाणी इतकं निळं कधीच नसतं. औषधाच्या बाटलीचं झाकण असतं तसलं निळं. मग उजवीकडचा कडा दिसला. कड्यावरची दोन झाडं, एकाचा शेंडा विजेने फाटलेला. ते डोळ्यांना ओळखीचं वाटायच्या आधी गुडघ्यांना ओळखीचं वाटलं, जुन्या घरातल्या जिन्याची मोडकी पायरी पायाला ठाऊक असते तसं. त्या कड्यावरून ती बसून, घसरत, तिपाई पाठीला बांधून खाली उतरली होती. आणि हे पटल्यावर ती जे शोधायचं ते शोधू लागली: डावीकडे, खालच्या तिसऱ्या भागात, पाण्यात घुसलेला टेबलासारखा सपाट खडक. खडक होता. खडकावर कुणी नव्हतं. ती जवळ गेली. चष्मा वर करून, नाक भिंतीला लागेल इतकी जवळ. काम सफाईने केलेलं होतं, कापल्याची खूण नाही, भोक नाही; फक्त खडकावरच्या पिवळ्या शेवाळाचा एक डाग तसाच्या तसा शेजारी पुन्हा एकदा होता, जुळ्या भावांसारखा. तिथे तिचे पाय होते. तिने त्या दुसऱ्या डागावर बोट ठेवलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, मावशी, हात नका ना लावू, भिंतीवर डाग पडतात. तिला सांगायचं होतं की इथे मी उभी होते, तीन-चार वर्षं तरी लोकांच्या स्वयंपाकघरांत ही मी उभी होते. पण अर्धा ओठ मेलेला, तोंडात बोळा. जे बाहेर आलं त्यावरून मुलीला वाटलं की रक्त पुन्हा सुरू झालं, आणि ती भल्या मनाने नवा कापूस घेऊन धावत आली.

बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि काचेतलं आपलं तोंड बघत राहिली. डावा गाल कुणा दुसऱ्याचा वाटत होता. तो हाताला लागत होता, हात त्याला लागत नव्हता. काय झालं मोठंसं, ती स्वतःला सांगत होती, कुणीतरी चित्र विकत घेतलं, कुणाला तरी ठिपका नको होता, पुसला. आजकाल सगळ्यांना मोकळी सरोवरं हवी असतात, स्वतः तिथे जाऊन उभं राहता यावं म्हणून. पण जे दुखत होतं ते दाढेच्या खड्ड्यात दुखत नव्हतं, तिथे तर अजून काहीच नव्हतं. ते दुसरीकडे दुखत होतं, आणि त्याचं कारण असं की रंगीत चित्रांत तरी आपण आहोत हे तिने आयुष्याच्या एका बाजूला नीट घडी घालून ठेवून दिलं होतं. दुसरी बाजू, कृष्णधवलची, कायमची रिकामी होती. आणि ती रिकामी बाजू आज पाच वाजता संग्रहालयातली मुलगी येऊन घेऊन जाणार होती.

तो, तिचा नवरा, दोन तऱ्हेने फोटो काढायचा. रंगीत, ते कॅलेंडरवाल्यासाठी. त्यावर घर चालायचं. आणि कृष्णधवल, ते स्वतःसाठी. त्यावर काहीच चालायचं नाही, आणि तो त्यासाठीच पहाटे उठायचा. कॅमेरा एकच होता. त्याच्या पाठीला फिल्मची डबी लागायची, मॅगझिन म्हणत तिला, आणि डब्या दोन होत्या. एकीवर हिरवी चिकटपट्टी, म्हणजे रंगीत. दुसरीवर पांढरी, म्हणजे कृष्णधवल. डब्या भरणं, पट्ट्या लावणं, नोंदवही ठेवणं ही तिची कामं. आणि उभं राहणं. कॅलेंडरवाल्याचा हुकूम होता की निसर्गात एक लाल ठिपका पाहिजे. नुसतं पाणी आणि डोंगर म्हणजे लोकांना रडायला येतं, छोटंसं माणूस दिसलं की बरं वाटतं, आपण पण जाऊ असं वाटतं. म्हणून लाल स्वेटर. म्हणून ती. तो लांबून ओरडायचा, ठिपके, डावीकडे. ठिपके, खांदे सोड. सरळ उभी राहा पण उभी आहेस असं वाटू देऊ नकोस. लग्नानंतर वर्षभरात तिचं नाव घरातही ठिपका पडलं, भाजी आणायला सांगतानासुद्धा. बारा फ्रेम संपल्या की तो हात हलवून एकच शब्द म्हणायचा, निघ. मग ती खडकावरून उतरायची, काठाकाठाने लांबून वळसा घालून, मऊ जमिनीवर पावलं उमटू नयेत म्हणून दगडांवरून, त्याच्या मागे येऊन उभी राहायची. तोवर त्याने डबी बदललेली असायची. मग तो स्वतःचे फोटो काढायचा. ती त्याच्या पाठीकडे बघायची. ती पाठ तेव्हा वेगळी व्हायची, हे सांगता येत नाही, पण व्हायची. आधीच्या बारा फ्रेमना ती नोकरदाराची पाठ असायची, आणि आता कुणीतरी हळू आवाजात बोलतंय आणि ऐकायला आपण श्वास धरलाय अशी. नऊ वर्षं. नऊ वर्षं ज्या जागेकडे तो असा बघायचा त्या जागेतून ती नुकतीच निघालेली असायची.

तिला काय हवं होतं? फार नाही. एकदा, एकदाच, त्याने निघ म्हणायला विसरावं.

*

रोल २१२, कृष्णधवल. वारा हलका. डास.
रोल २१३, कृष्णधवल. वारा नाही. गुडघाभर धुकं, नंतर वर गेलं.
रोल २१४, कृष्णधवल.

*

नोंदवह्या तिच्याच अक्षरातल्या. वेळ लिहिण्याचा शिरस्ता तिचा होता. तो फ्रेम घेतल्यावर एक हात वर करायचा, ती जिथे असेल तिथून मनगटावरच्या घड्याळात बघायची, आकडा डोक्यात ठेवायची आणि परत आल्यावर उतरवून काढायची. बारा-बारा आकडे. तिला ते गाण्यासारखे पाठ व्हायचे. पुढे तिला शालेय पुस्तकं काढणाऱ्या प्रकाशनात चित्रांच्या कपाटावर नोकरी लागली ती याच सवयीवर. तिथे तिने सव्वीस वर्षं ज्वालामुखी, पुलांचे प्रकार, फुलाचे उभे छेद यांच्या नोंदी केल्या, आणि निगेटिव्ह उजेडाला धरून वाचायची तिला अशी सवय झाली की तिथल्या मुली म्हणायच्या, बाईंना माणसंसुद्धा उलटीच आधी दिसतात. निगेटिव्हमध्ये काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं, एवढंच तर असतं. पण तिला ते उलटवावं लागत नसे. तिला ते सरळच दिसायचं.

घरी आल्यावर तिने कोट न काढताच कोरडं कपाट उघडलं. कपाटाला आत दिवा असतो, ओल धरू नये म्हणून सतत पेटलेला. त्यामुळे ते उघडलं की फ्रिज उघडल्यासारखं वाटतं, आणि ती दर वेळी क्षणभर काय खायला काढायचं होतं ते आठवू बघते. वरच्या तीन खणांत रंगीत स्लाइड. त्या कुणी मागितल्या नव्हत्या. तिने एक काढून खिडकीशी धरली: भाजलेल्या कातडीच्या रंगाचं आभाळ, त्याच रंगाचं पाणी. लाल स्वेटर होता की नाही ते समजत नव्हतं, कारण आता सगळंच स्वेटर झालं होतं. खालच्या खणांत एकेचाळीस खोकी, कृष्णधवल, बटरपेपरच्या पाकिटांत, चित्र चांदीच्या कणांचं असल्यामुळे न उडता जसंच्या तसं. संग्रहालयाने त्या सगळ्या संचाला नावही दिलं होतं. 'निर्जन'. तो दुसऱ्या शहरात राहतो, बहीण आजारी पडली म्हणून सात वर्षांपूर्वी गेला होता, बहीण बरी झाली आणि तो तिथेच राहिला; भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, निदान एक तारीख तरी असती. संग्रहालयवाल्यांना त्याने फोनवर सांगितलं होतं, मला काही विचारू नका, सगळं तिला माहीत आहे.

सगळं तिला माहीत नव्हतं. रोल २१३ तिने कधी पाहिलाच नव्हता.

त्या पहाटे तंबूत तिने दोन्ही डब्या भरल्या, नेहमीसारख्या. एका डबीचा कोपरा चेपलेला होता, कधीतरी कड्यावरून पडली होती तेव्हाचा. त्या कोपऱ्यातून किंचित उजेड आत शिरेल अशी त्याला शंका यायची, म्हणून तिच्यात रंगीत कधी भरायचं नाही, कृष्णधवलच, हा नियम. तिने तो पाळला. मग नवीन पट्ट्या कापल्या आणि चेपलेल्या डबीवर हिरवी लावली, दुसरीवर पांढरी. याचं तिला नंतर नवल वाटायचं. आयुष्यात तिने बसचं तिकीटसुद्धा कधी चुकवलं नव्हतं. विचार असा काही केलेला नव्हता, किंवा नऊ वर्षं तेवढाच केला होता. आता तो हिरव्या पट्टीची डबी लावेल आणि ठिपक्याचे फोटो काढेल, आणि ते त्याच्या स्वतःच्या फिल्मवर उमटतील. त्याला कळेल तेव्हा कळेल. चुकून झालं म्हणता येईल. ते सरोवर नकाशावर दोन तासांच्या चढणीवर होतं, प्रत्यक्षात पाच. आदल्या दिवशी शिधा संपलेला, त्याच दिवशी उतरायचं ठरलेलं, आणि कॅलेंडरवाल्याला पुढच्या वर्षीचं मुखपृष्ठ आठवड्यात हवं होतं. हे सगळं तिला माहीत होतं. माहीत असून ती खडकावर जाऊन उभी राहिली. पाण्यातून खडकापर्यंत जाताना मोजे भिजले होते आणि पायाच्या बोटांचा पत्ता नव्हता, आज गालाचा नाही तसा. धुकं वर गेलं. सगळं सरोवर एका झटक्यात उलटं दिसलं, डोंगर खाली डोंगर वर, आणि मधल्या रेघेवर ती. तिने खिशातले हात बाहेर काढले. खिशात हात घातलेले बरे दिसतात, ठिपका सुबक होतो. पण आज ती ठिपका नव्हती, आणि ठिपका नसताना कसं उभं राहायचं ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. तो मध्येच खूप वेळ थांबला होता, उजेडासाठी थांबला असेल असं तिला वाटलं. मग पुन्हा हात वर, पुन्हा, पुन्हा. बाराव्या फ्रेमनंतर डोंगराच्या खांद्यावर ऊन आलं आणि त्याबरोबर वारा. पाणी फुटलं. त्याने निघ म्हटलं नाही, नुसतं संपलं म्हटलं, आणि दुसरी डबी लावून, ती खडकावरून उतरत असताना, फुटलेल्या पाण्याचे काही फोटो काढले.

आठवड्याने लॅबमधून रंगीत रोल आला, त्यात फुटलेलं पाणी होतं आणि माणूस नव्हतं. कॅलेंडरवाला फोनवर जे बोलला ते तिला दाराआडूनही ऐकू आलं. तुम्ही कलाकार लोक, तो म्हणाला, तुम्हाला दोन डब्या सांभाळता येत नाहीत आणि डोंगर टिपायला निघता. याने म्हटलं, डब्या बदलल्या गेल्या, माझ्या हातून. माझ्या हातून, हे शब्द तिने दाराआडून ऐकले आणि पुढे जाऊन सांगायचं ते तिने सांगितलं नाही. सांगितलं ते एवढंच की माझीच चूक, मी पट्ट्या नीट बघून लावायला हव्या होत्या. हे तिने किती वेळा म्हटलं असेल. जेवताना, दिवा मालवताना, मोरीत भांडी विसळताना. तो म्हणायचा, असू दे. करार गेला. तो नळ आणि टाइल्स बनवणाऱ्यांच्या सूचीसाठी फोटो काढायला लागला. चकचकीत तोट्या, त्यात वाकडा होऊन दिसणारा स्वतःच, आणि तेवढं स्वतःला पुसायचं काम. डोंगरावर ते पुढे तीनदाच गेले, मग एकदाही नाही. रोल २१३ त्याने स्वतः धुतला, न्हाणीत, दार लावून, आणि बाहेर येऊन टॉवेलला हात पुसत म्हणाला, वाया गेला. टाकून दिला असेल, असं तिने मानलं. विचारायचं धाडस नव्हतं. नोंदवहीत तो रोल होता, कपाटात असायला नको होता, आणि म्हणून सव्वीस वर्षं चित्रांच्या कपाटावर बसलेल्या बाईने स्वतःच्या घरातलं ते एक पाकीट कधी शोधलं नव्हतं.

होतं. २१२ आणि २१४ च्या मध्ये, जिथे असायला हवं तिथेच.

*

बारा फ्रेम, तीन-तीनच्या चार पट्ट्या. तिने पहिली काढली आणि खिडकीच्या काचेवर धरली, भिंग डोळ्याला लावलं. बाहेर समोरच्या गच्चीवर कुणाची तरी चादर वाळत होती आणि ती पांढरी होती, त्यामुळे उजेड बरा होता. पहिली फ्रेम. डोंगर, पाणी, रेघ. खडक. खडकावर स्वेटर पातळ, जवळजवळ पारदर्शक; म्हणजे कागदावर तो गडद उमटला असता, खडकाइतकाच गडद, कारण कृष्णधवलाला लाल म्हणजे करडाच. ती खडकात बुडून गेली होती. बघा, म्हणजे हेच होणार होतं, तिला वाटलं, आणि हसू आलं, अर्ध्या तोंडाने. ज्यासाठी एवढं केलं त्यात आपण दिसलोसुद्धा नसतो. ही अक्कल त्या पहाटे तंबूत नव्हती, आणि फिल्म हाताळणाऱ्या बाईला ती नसावी याला काय म्हणायचं. दुसरी तशीच. तिसरी तशीच. तिने दुसरी पट्टी घेतली. चौथी तशीच. पाचव्या फ्रेमवर तिने भिंग सरकवलं आणि पुन्हा चौथीवर आणलं आणि पुन्हा पाचवीवर नेलं.

पाचव्या फ्रेममध्ये आकाश निगेटिव्हवर काचेसारखं मोकळं होतं. म्हणजे कागदावर काळं. आणि खडकावरचा स्वेटर निगेटिव्हवर शाईच्या थेंबासारखा घट्ट काळा होता. म्हणजे कागदावर पांढरा. पांढरा शुभ्र, अख्ख्या चित्रात दुसरं काही नाही इतका. सहावी तशी. पुढची पट्टी तशी. बाराव्यापर्यंत. एकच स्वेटर, एकच पहाट, तोच खडक. चौथीपर्यंत करडा आणि पाचवीपासून पांढरा. असं आपोआप होत नाही. कॅमेऱ्याच्या भिंगासमोर लाल काच लावली तरच निळं आकाश काळं पडतं आणि लाल स्वेटर उजळून निघतो. ती लाल काच तो फक्त स्वतःच्या फोटोंना लावायचा. रंगीत फिल्मला ती कुणी लावत नाही, लावली तर सगळा फोटो लालभडक होईल, हे लॅबमधल्या झाडूवाल्यालाही कळतं. तिने भिंग खाली ठेवलं आणि खुर्ची शोधत मागे हात नेला, आणि खुर्ची सापडायच्या आधीच बसली, म्हणजे खोक्यावर बसली.

त्याला माहीत होतं. चौथीनंतर त्याला कळलं होतं की डबी कुठली आहे. डबी बदलायला किती वेळ लागतो? अर्धं मिनिट. धुकं वर गेलेलं, पाणी अजून आरशासारखं. अर्ध्या मिनिटात दुसरी डबी लावून त्याला कॅलेंडर वाचवता आलं असतं. त्याऐवजी त्याने बॅगेतून लाल काच काढली. आणि ती अठ्ठावीस वर्षं माफी मागत राहिली, आणि तो असू दे म्हणत राहिला, एका टेबलावर, मिठाची वाटी एकमेकांकडे सरकवत. गालात टाचण्या टोचल्यासारखं होऊ लागलं होतं, जीव परत येतो तेव्हा होतं तसं. पावणेपाच झाले होते. तिने फोन लावला.

*

तो म्हणाला, आवाज असा का? तिने सांगितलं, अक्कलदाढ काढली. तो म्हणाला, होती का तुला? मग लिफ्ट बंद आहे, गुडघा आहेच, भाचीने त्याचे जुने बूट न विचारता देऊन टाकले, ती पोरं आली का खोकी न्यायला, हे सगळं त्याने एका दमात सांगितलं. तो फोनवर नेहमी सामान आधी उतरवून ठेवतो. तिने ऐकून घेतलं. त्याचा श्वास पूर्वीपेक्षा वरवर येत होता. मागे कुठेतरी नळ चालू होता.

"दोनशे तेरा माझ्या हातात आहे," ती म्हणाली.

नळ बंद झाला. म्हणजे तो स्वतःच मोरीशी उभा होता.

"बरं," तो म्हणाला.

"तुला कसं कळलं?"

तो म्हणाला की ती रोज ठिपका म्हणून उभी राहायची, हात खिशात, पाण्याकडे बघत, आता काय शिजवायचं असा चेहरा करून. त्या दिवशी बघतो तर हात बाहेर, आणि सरळ त्याच्याकडे बघत. "मला वाटलं तुला काही होतंय. हाक मारणार होतो. मग डबीवरून बोट फिरवलं तर कोपरा चेपलेला."

ती म्हणाली, "पट्ट्या मी बदलल्या होत्या. मुद्दाम."

"हो."

"हो काय?"

"तेवढं तिथे नाही कळलं. घरी आल्यावर कळलं. तू माफी मागत सुटलीस ना. चुकून झालं असतं तर तू आधी भांडली असतीस माझ्याशी."

तिला खरोखर हसू आलं, आणि हसताना गाल चावला गेला, आणि तो दुखला. बोलला का नाहीस, असं तिने विचारलं, पण ते विचारताना तिला कळत होतं की तो काय सांगणार, आणि तो तेच म्हणाला, की तू बोलशील म्हणून थांबलो होतो. दोन्ही बाजूंनी फोन धरून ते उभे राहिले. नळ आणि टाइल्स. ज्वालामुखी आणि पुलांचे प्रकार. तिला त्याची ती दुसरी पाठ आठवत होती, जी तिने नऊ वर्षं मागून पाहिली होती, आणि एकदा ती तिच्याकडे तोंड करून उभी होती, पाण्यापलीकडे, एवढीशी, आणि तिने ती ओळखली नव्हती. छापली का नाहीस, एवढं तिने विचारलं. तो म्हणाला, छापली असती तर तुला दाखवावी लागली असती. मग, घसा साफ करून, ती त्यांना द्यायची की ठेवायची हे तुझं तू बघ, मला गुडघ्याला शेक द्यायचाय. पण त्याने फोन ठेवला नाही, आणि तिनेही नाही, तोवर दाराची घंटी वाजली.

संग्रहालयातली मुलगी पांढरे सुती हातमोजे घालूनच आली होती, जणू जिन्याच्या कठड्यालाही बोटांचे डाग पडू नयेत. खोकी मोजायला, क्रमांक ताडून बघायला तिला पाऊण तास लागला. कागदावर एक रकाना होता, चित्रात व्यक्ती, आणि त्यात ती चाळीस वेळा नाही लिहून गेली होती, न विचारता. एकेचाळिसाव्या खोक्यावर तिने मुलीचा हात धरला. एक पाकीट वेगळं काढून ती टेबलावर ठेवून होती, आणि अख्खा वेळ, मुलगी मोजत असताना, त्याच्यावर हाताचा पंजा ठेवून बसली होती. देऊन टाकलं तर ते कुठल्या तरी थंड खोलीत जाईल, तिच्या हाताबाहेर, लोक रांगेत उभे राहून बघतील. ठेवलं तर ते पुन्हा २१२ आणि २१४ च्या मध्ये. तिने पंजा उचलला.

"यात आहे," ती म्हणाली.

"कोण आहे?"

"मी."

मुलगी पेन थांबवून बसली. "मग याला निर्जन म्हणता यायचं नाही," ती म्हणाली, जरा काळजीने. फलक बनायला गेले असावेत.

"नका म्हणू."

मुलीने रकान्यात नाव काय लिहू विचारलं. तिने ते स्वतःच लिहिलं, पूर्ण, सावकाश, नोंदवहीतल्या अक्षरात, आणि पाकीट तिच्या हातमोज्यांत ठेवलं. खोकी जिन्यावरून खाली गेली. कपाटातला दिवा रिकाम्या खणांवर पेटलेला राहिला. फोन अजून टेबलावर उपडा पडलेला होता, चालूच; तिने उचलून कानाला लावला, आणि त्याच्या घरात कुणीतरी पाणी तापवत होतं.

रोल २१३ च्या नोंदीत चौथ्या फ्रेमपुढे वेळ सहा वाजून दहा मिनिटं आहे आणि पाचवीपुढे सहा वाजून एकवीस. मधल्या अकरा मिनिटांत ढग नव्हता, वारा नव्हता, पाण्यावर एकही तरंग नव्हता.